कोऱ्या चाकांचा भाव

१

सोमवारी सकाळी साडेदहाला कंत्राटदाराने काळी राणी उलटी करून तिच्या चाकांवर भिंग धरलं, आणि काकूंच्या दुकानाची चाळीस वर्षांची अब्रू टांगणीला लागली.

काळी राणी म्हणजे आगगाडीचं इंजिन. खरं नव्हे, छोटं. पण कोणी त्याला खेळणं म्हणालं तर काकू त्याला पायरीवरूनच परत पाठवत. दीड वीत लांब, अस्सल पितळेचं, वर काळा रंग. एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घडवलेलं. त्याने अशी मोजून चाळीस केली आणि डोळे मिटले. असल्या इंजिनांचे वेडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं वेड दोन तऱ्हेचं. काही जण इंजिन चालवतात, काही नुसतं जपतात. जपणाऱ्याला ते कोरं लागतं, म्हणजे घडल्यापासून रुळावर एकदाही न फिरलेलं. कोऱ्या इंजिनाच्या चाकांवर काळा मुलामा असतो. घटकाभर जरी ते फिरलं तरी मुलामा घासतो, खालचा धातू चमकायला लागतो, आणि मग कितीही रंगवा, भिंगाखाली लबाडी कळतेच. कोऱ्या राणीचा भाव चार लाख. चाललेल्या राणीला पावणेदोन मिळाले तरी डोक्यावरून पाणी.

कंत्राटदाराच्या हातातल्या राणीची चाकं आरशासारखी चमकत होती.

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर काकूंना सोपं गेलं असतं. "काकू, चाक फिरलेलं नाही असं तुम्ही म्हणाला होता," एवढंच तो बोलला.

काकू म्हणाल्या होत्या. लिहून दिलं नव्हतं, कारण त्यांना लिहायला वेळ लागे आणि त्यांच्या तोंडच्या शब्दापुढे कोणी कागद मागत नसे. राणी एका निवृत्त नर्सबाईंची. नवऱ्याने चौदा वर्षांपूर्वी घेतलेली, पेटीतून न काढलेली. तो गेला, आता गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाईंनी ती विकायला ठेवली होती. शनिवारी सकाळी काकूंनी स्वतः चाकं भिंगाखाली घातली. काळी कुळकुळीत. दुपारी दुकानाच्या रिवाजाप्रमाणे तीन गिऱ्हाइकं आली. मागच्या खोलीत एकेकाने अर्धा तास, दार लावून, एकट्याने इंजिन बघायचं आणि निघताना बंद पाकिटात आपला भाव देऊन जायचं. आधी मास्तर बसले, मग दातांचे डॉक्टर, शेवटी कंत्राटदार. त्याच्या पाकिटात चार लाख निघाले, त्याने इसारा दिला, सौदा त्याचा झाला. पेटी कपाटात गेली. रविवारी दुकान बंद.

काकूंनी मान वळवली आणि गल्ल्याजवळ उभ्या असलेल्या सुनेला, त्या परक्या माणसादेखत, विचारलं, "शनिवारपासून कपाटाची किल्ली कोणाकडे होती?"

सून म्हणाली, "माझ्याकडे."

कंत्राटदाराने मान खाली घातली, जणू त्यालाच लाज वाटली. मग त्याने मोठेपणा दाखवला. झालं ते झालं, तो म्हणाला, बोभाटा करायचा नाही. चाललेली तर चाललेली. पाच वाजता येऊन पावणेदोनला तीच घेऊन जातो, नर्सबाईंच्या हातात निदान तेवढे तरी पडतील. आपला इसारा त्याने लगेच परत मागितलासुद्धा नाही.

तो गेला. सुनेने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. काकूंचा मुलगा बोटीवर असायचा, वर्षातले चार महिने घरी. बाकी आठ महिने या दोघी दुकान सांभाळत. चार वर्षांत या मुलीने उलट शब्द काढला नव्हता. आजही काढला नाही. तिने फोन उचलून भावाला सहा वाजता गाडी घेऊन यायला सांगितलं, आणि वर सामान बांधायला गेली.

२

अकराला मास्तर आले. चित्रकलेचे मास्तर, आता निवृत्त. इंजिनवेड्यांच्या मंडळाचं भावपत्रक दरवर्षी तेच काढत: कुठल्या इंजिनाचे किती नग बनले, किती कोरे उरले, कशाला किती मागणी. त्यांच्या पेनाच्या एका फटक्याने एखाद्याचं कपाट दुप्पट मोलाचं व्हायचं किंवा भंगारात जायचं.

बातमी त्यांच्या कानावर आली होती. काकूंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि एकच विचारलं: कंत्राटदाराला एवढी घाई का?

मास्तर म्हणाले, कंत्राटदार मोठ्या तयारीत आहे. त्याच्याकडे साठ पेट्या आहेत, साठही कोऱ्या, त्यात एक काळी राणीही आहे. आजवर कोणाला एक पेटीही उघडून दाखवली नाही, नंबरसुद्धा सांगितले नाहीत, आणि त्यामुळेच दबदबा. मंडळात तो चालवणाऱ्यांना नाकं मुरडतो; चाललेलं इंजिन फुकट दिलंत तरी दारात ठेवणार नाही, असं भर सभेत बोललेला. आता बाहेरचा कोणी बडा माणूस सगळ्या साठ पेट्या एकगठ्ठा घेतोय. पुढच्या महिन्यात मास्तरांनी पेट्या एकेक उघडून दाखला द्यायचा, मग व्यवहार.

"आणि साठातली एक चाललेली निघाली तर?" काकूंनी विचारलं.

मास्तर हसले. मग एकोणसाठांवर कोण विश्वास ठेवणार, म्हणाले. कोरेपणाचा भाव इंजिनाला नसतो, माणसाच्या शब्दाला असतो.

ते उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथे चुळबुळत राहिले. काकूंनी या माणसाला तीस वर्षं पाहिलं होतं. पोटात काही असलं की हा असाच छत्रीशी खेळायचा. त्यांनी सरळ सांगितलं, ओका एकदाचं.

मास्तर म्हणाले, "रविवारी इथून चाललो होतो. दुकान बंद होतं, पण काचेच्या खिडकीत गाडी धावत होती. तुमची सून रेग्युलेटर धरून बसली होती."

३

काकू लगेच जिना चढल्या. चढल्या त्या सुनेसाठी की दुकानासाठी, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

सून पलंगावर बॅग उघडून बसली होती. रविवारी गाडी चालवलीस का, असं काकूंनी विचारलं. चालवली, ती म्हणाली. खिडकीत नवे दिवे लावले होते, ते गाडीच्या डब्यांवर कसे पडतात ते बघायचं होतं. तिथलंच लाल इंजिन, मुलांना विकतो ते. दहा मिनिटं इकडून तिकडे फिरवलं आणि दिवे मालवले.

"राणीला हात लावलास?"

सुनेने साडीची घडी सरळ केली. "तुम्हाला काय वाटतं, आई?"

काकूंच्या तोंडून शब्द फुटला नाही. इतर वेळी त्यांची जीभ कात्रीसारखी चालायची, गिऱ्हाइकं दोन पावलं मागे उभी राहायची. सून थोडा वेळ थांबली, मग पुढची साडी घडी करायला लागली. तिला उत्तर मिळालं होतं.

काकू खाली आल्या, दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि राणी दिव्याखाली घेतली. स्वतःवरच चिडल्या होत्या त्या, आणि चिडल्या की त्यांचे डोळे चांगले चालत. शाळा चौथीत सुटलेली. पण हजारो इंजिनांची चाकं या बोटांनी बदलली होती, ते काही पुस्तकातून आलेलं नव्हतं.

चाकं चमकत होती, हे सकाळी सगळ्यांनी बघितलं. कशी चमकत होती, हे कोणी बघितलंच नव्हतं.

प्रत्येक चाकाला आतल्या अंगाला एक उभी कड असते, तिच्यामुळे चाक रुळावरून उतरत नाही. राणीच्या उजव्या बाजूच्या कडा अजून काळ्याच होत्या. डाव्या बाजूच्या मात्र घासून पांढऱ्या फटक पडलेल्या. सरळ रुळावर कडा रुळाला फारशा लागतच नाहीत. वळणावर लागतात, आणि तेही बाहेरच्या अंगाच्या. म्हणजे ही राणी वळणावर, एकाच दिशेने, कायम उजवीकडे वळत गेलेली. गोल, लहान गोल, पुन्हा पुन्हा. दहा मिनिटांत असं होत नाही. महिनोन्महिने लागतात. आणि खिडकीतला रूळ तर फुटपट्टीसारखा सरळ, इकडून तिकडे चार हात.

काकूंनी खालचं छोटं झाकण काढलं. चौदा वर्षं पेटीत पडलेल्या इंजिनातलं ग्रीस सुकून मेणासारखं पिवळं होतं. हे ग्रीस मऊ होतं, ताजं. प्रत्येक आसावर टाचणीच्या टोकाने ठेवावा तेवढाच तेलाचा थेंब, न सांडलेला. ज्याने ठेवला त्याचा हात बसलेला होता आणि जीव जडलेला.

सून या दुकानात सगळं शिकली होती, पण तेल तिने कधी घातलं नव्हतं. तो मान काकूंनी कोणाला दिलाच नव्हता.

त्यांनी राणीच्या पोटाखालची नंबराची पट्टी पाहिली. एकतीस. पट्टी नर्सबाईंचीच. पण ती दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली होती, आणि दोन्ही स्क्रूंच्या खाचा ताज्या खरवडलेल्या होत्या.

काकू खुर्चीत मागे टेकल्या. ही राणी कोणी चालवली, याचा शोध फुकट होता. ही राणी नर्सबाईंची नव्हतीच.

४

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत पंधरा मिनिटं चालावं लागे. राणीची पेटी पिशवीत, पिशवी छातीशी. तेवढ्या वाटेत काकूंनी हिशोब मांडला.

शनिवारी सकाळी चाकं काळी होती. मग तिघे आत बसले, तिघांकडेही पिशव्या होत्या. कोणीतरी आपली चाललेली राणी आणली, पट्ट्या बदलल्या, कोरी घेऊन गेला. प्रत्येक जण बाहेर आला की इंजिन उचलून चाकं बघायचा काकूंचा शिरस्ता. त्या शनिवारी त्यांनी तसं केलं नाही. जुनी गिऱ्हाइकं, पाय दुखत होते, वरून स्पंजात निजलेली राणी दिसली आणि झाकण लावलं. चूक इथे झाली होती, आणि सकाळी किल्लीचा प्रश्न विचारताना ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. हा घोट कडू होता, पण काकू तो गिळून पुढे गेल्या.

मास्तरांनी बदलली असती तर पुढच्या डॉक्टरांना चमकती चाकं दिसली असती. डॉक्टरांनी बदलली असती तर कंत्राटदाराला दिसली असती, आणि तो अर्धा तास भिंग घेऊन बसून चार लाखांचं पाकीट देऊन गेला. म्हणजे कंत्राटदार बसला तेव्हा राणी कोरीच होती. त्यानंतर तिला कोण भेटलं? कंत्राटदार स्वतः. किंवा रविवारी किल्ली असलेली सून. आणि सुनेकडे बदलायला दुसरी राणी कुठून येणार?

डॉक्टर दुपारच्या सुट्टीत माळ्यावर होते. माळा म्हणजे त्यांचं खरं घर. चारी भिंतींना लागून रूळ, बोगदे, पूल, गाड्या दोन्ही दिशांनी धावणाऱ्या. टेबलावर त्यांची स्वतःची काळी राणी उघडून ठेवली होती, बॉयलर एकीकडे, चाकं एकीकडे. आणलेलं प्रत्येक इंजिन ते त्याच दिवशी सुटं करायचे. बायको म्हणायची, पेशंटचे दात काढून समाधान होत नाही.

काकूंनी आधी त्या राणीची चाकं पाहिली. दोन्ही कडा सारख्या झिजलेल्या. मग डॉक्टरांनी रिकाम्या बॉयलरच्या आत दिवा धरून त्यांना काहीतरी दाखवलं. पितळेवर आतून शिसपेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, आठ. कारागीर बाहेर पट्टी लावायच्या आधी आत नंबर लिहायचा. बॉयलर कोणी सहसा उघडत नाही, त्याने किंमत उतरते. म्हणून हे फारसं कोणाला माहीत नाही.

मग त्यांनी पिशवीतली राणी रुळावर ठेवली. ती मांजरीच्या पावलांनी निघाली. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हिला कोणीतरी रोज चालवतं, काकू. हिचा बॉयलर उघडू का?

काकू नको म्हणाल्या. एक तर माल नर्सबाईंचा, त्यांच्या परवानगीशिवाय स्क्रू हलायचा नाही. दुसरं म्हणजे आत एकतीस नाही हे कळेल. पण जो नंबर निघेल तो कोणाचा? कंत्राटदाराच्या पेट्यांचे नंबर कोणालाच माहीत नाहीत. तो खुशाल म्हणेल, सुनेनेच कुठूनतरी बदलून आणली. इंजिनाकडून साक्ष मिळाली तरी माणसाकडूनही मिळायला हवी.

पाच वाजता दुकानात या, त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आणि काय बोलायचं तेही. दीड वाजला होता. एक घर अजून बघायचं राहिलं होतं.

५

कंत्राटदार दिवसा कामावर असतो हे हेरूनच काकू गेल्या. दार त्याच्या आईने उघडलं, ऐंशीची, ऐकायला कमी, बोलायला भुकेली. काकूंनी सांगितलं, इसारा परत करायला आलेय. म्हातारीने त्यांना आत नेलं.

दिवाणखान्यात काचेची कपाटं, त्यात पेट्याच पेट्या. एकही इंजिन बाहेर नाही. काकूंना वाटलं, औषधाच्या दुकानात आले.

म्हातारीने मन मोकळं केलं. पोरगा कामसू, पण जेवायच्या वेळेचा फार काच. रोज एकच्या ठोक्याला येणार, दहा मिनिटांत जेवणार, की लगेच टेबल साफ करून मागायचं. मग जेवणघराचं दार लावून बसतो, तासभर. फोनवर महत्त्वाचं बोलायचं असतं म्हणे. "मला ऐकू कमी येतं, मग दार कशाला लावतो, सांग बरं," म्हातारी म्हणाली. आज मात्र आला नाही. शनिवारपासून आलाच नाही दुपारचा.

काकूंनी पाणी मागितलं. म्हातारी पाय ओढत स्वयंपाकघरात गेली, आणि काकू जेवणघरात.

टेबल गोल होतं, सहा माणसांचं. काकूंनी टेबलावरचं मेणकापड कडेने उचललं. खालच्या लाकडावर, पॉलिशमध्ये दबून, दोन बारीक रेघा होत्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर, टेबलाच्या काठाकाठाने पूर्ण फेरा मारून जिथल्या तिथे येऊन मिळणाऱ्या. रुळाची पट्टी कायम एकाच जागी मांडली की असे वळ पडतात.

बाहेर मोटारीचं दार आपटलं.

मेणकापड खाली पडलं, काकू दिवाणखान्यात पोचल्या, आणि कंत्राटदार आत आला. त्याची नजर आधी कपाटाकडे गेली, मग जेवणघराच्या दाराकडे, मग काकूंकडे.

काकूंनी पदर सावरला. सकाळपासून जीवाला चैन नाही, त्या म्हणाल्या. इसारा आणलाय, आणि मंडळात एवढ्यात काही बोलू नका अशी विनंती करायला आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणापुढे आवाज नरम केला होता, आणि तो इतका जमला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

कंत्राटदाराचे खांदे सैल पडले. इसारा पाच वाजताच घेईन, तो म्हणाला, तेव्हाच राणीही नेईन. दारापर्यंत सोडायला आला आणि मायेने म्हणाला, "सुनेला फार टाकून बोलू नका, काकू. पोरीच्या जातीकडून होतं असं, हौसेने."

काकू रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांच्या मुठी वळलेल्या होत्या.

६

पाच वाजता दुकानात पाच माणसं जमली. नर्सबाई काठी टेकून खुर्चीत, मास्तर आपल्या वहीसह, डॉक्टर भिंतीला टेकून, कंत्राटदार पाकीट हातात घेऊन, आणि गल्ल्यामागे काकू. सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बॅगेपाशी बसली होती. खाली येऊ नको असं तिला कोणी म्हणालं नव्हतं, ये असंही नाही.

काकूंनी आधी इसारा मोजून परत केला. कोऱ्या राणीचा सौदा मोडला, त्या म्हणाल्या. फिरलेलं चाक कोरं म्हणून विकायचं नाही. कंत्राटदाराने मान हलवली आणि पाकीट पुढे सरकवलं. काकूंनी त्याला हात लावला नाही. आता हा नवा सौदा, चाललेल्या इंजिनाचा. आणि चाललेल्या इंजिनाला चालवणारी गिऱ्हाइकं आहेत. डॉक्टर, तुमचा भाव?

डॉक्टर म्हणाले, दोन.

कंत्राटदार हसला. सव्वादोन, म्हणाला.

डॉक्टर अडीच म्हणाले. मास्तरांचं पेन थांबलं. चाललेली राणी एक ऐंशीच्या वर गेल्याचं त्यांच्या पत्रकात नव्हतं. नर्सबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या.

मग डॉक्टरांनी खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून बोटांत फिरवला. घरी नेली की आधी बॉयलर उघडणार, ते सहज बोलल्यासारखं बोलले. कारागीर आतून पेन्सिलीने नंबर लिहायचा. माझ्यात आठ आहे. हिच्यात एकतीस बघायला मजा येईल.

कंत्राटदाराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. चार वर्षं त्याने तिला तेल घातलं होतं, पुसलं होतं, पण बॉयलर उघडण्याचं धाडस त्याला झालं नव्हतं.

"तीन," तो म्हणाला.

डॉक्टर सव्वातीन म्हणाले.

"चार."

डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं आणि पाव वाढवला.

"साडेचार," कंत्राटदार म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा हात राणीच्या पेटीवर जाऊन पडला.

काकूंनी तो हात बाजूला केला, हलकेच.

"कोरी होती तेव्हा तुम्ही चार देत होतात. चाललेली झाल्यावर साडेचार देताय. आणि चाललेलं इंजिन तुम्ही फुकटही दारात ठेवत नाही. मास्तर, असा भाव तुमच्या पत्रकात कुठल्या रकान्यात बसतो?"

कंत्राटदार म्हणाला, हौस असते माणसाची. काकूंनी नर्सबाईंना विचारलं, उघडू का? नर्सबाईंनी मान हलवली. डॉक्टरांच्या बोटांना दोन मिनिटं लागली. बॉयलर निघाला, दिवा आत धरला, आणि मास्तरांनी चष्मा सरकवून मोठ्याने वाचलं. सतरा.

मग काकूंनी एकेक करून सांगितलं. डाव्या कडा. ताजं ग्रीस. बसायचा क्रम. गोल टेबल. तुमच्या राणीला तुम्हीच फिरवत होता, रोज एक ते दोन. पुढच्या महिन्यात मास्तर पेट्या उघडणार, ती उघडी पडणार. म्हणून पेटीत कोरी हवी होती, आणि इथली राणी चाललेली कशी निघाली हे सांगायला काकूंच्या दुकानाची बदनामी हवी होती, म्हणजे तीही पावणेदोनला परत मिळणार होती. आत्ता मास्तर तुमच्या घरी येतील. तिथल्या राणीच्या पोटावर सतरा असेल, आणि आत एकतीस.

कंत्राटदार स्टुलावर बसला. राणीकडे बघतच तो बोलला.

"साठ पेट्या आहेत, काकू. बंद. त्यातली एकच काढली. ती फिरायला लागली की आवाज येतो ना, तो एकदा ऐकला की..." त्याने राणीकडे बोट केलं. "शेवटचं तेल घालूनच पेटीत ठेवली. तेवढं घालायला नको होतं, कळत होतं मला. सुकी ठेववेना."

डॉक्टरांनी नजर दुसरीकडे वळवली. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्यातला वाटला असावा.

"चालवलीत, त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या. "चालवायलाच केली होती ती. केलेलं दुसऱ्याच्या लेकीवर ढकललंत, त्याचं आहे."

बोलल्या आणि त्यांनाच ते लागलं. दुसऱ्याची लेक जिन्यावर बसली होती, आणि सकाळचा प्रश्न कंत्राटदाराने विचारला नव्हता.

७

मास्तर त्याला घेऊन गेले आणि पाऊण तासात नर्सबाईंची राणी घेऊन परतले. चाकं काळी, कडा काळ्या. कंत्राटदाराच्या साठ पेट्यांपुढे आता काय लिहायचं, याचा विचार करत मास्तर वही बंद करून बसले.

सहाला भाऊ आला. दारातच उभा राहिला, हात मागे बांधून. नर्सबाई होत्या, डॉक्टर होते, मास्तर होते. काकूंना वाटलं, हे जाऊ देत, मग बोलू. आणि लगेच वाटलं, विचारताना माणसं जायची वाट बघितली होती का?

त्या गल्ल्यामागून बाहेर आल्या. हे अंतर चार पावलांचं होतं आणि चाळीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकासाठी त्यांनी ते ओलांडलं नव्हतं.

"शनिवारी तिघे गेल्यावर चाकं मी बघितली नाहीत," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माहीत असून सकाळी हिला विचारलं. चारचौघांत. चूक माझी आहे."

सून उभी राहिली. तिचे डोळे भरले नाहीत, की ती पाया पडायला वाकली नाही. तिने बॅग उचलली.

"किल्लीचं विचारलंत त्याचं एवढं नाही, आई. वर येऊन मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, तेव्हा गप्प बसलात."

"हो," काकू म्हणाल्या. दुसरं काही खोटं ठरलं असतं.

"मी जाते दादाबरोबर."

"परत?"

सुनेने बॅग भावाकडे दिली. आठ दिवस राहीन, म्हणाली, मग ठरवीन. आणि खिडकीतले नवे दिवे जास्त वेळ लावू नका, तापतात. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी काकू दारातच होत्या. मास्तरांनी खोकून निरोप घेतला, डॉक्टर नर्सबाईंना सोडायला गेले.

फोन वाजला. बाहेरगावचं गिऱ्हाईक होतं, बातमी कुठूनतरी तिथेही पोचलेली. एकतीस नंबरची राणी कोरी आहे ना, आणि आता भाव काय, असं त्याने विचारलं. अशा वेळी काकू श्वासही न घेता आकडा फेकत. ओठांवर आलाही होता, साडेचार.

"भाव आमची सून सांगेल," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी फोन करा."

गिऱ्हाईक म्हणालं, आठ दिवस फार झाले, काकू, तुम्हीच सांगा ना.

"थांबायचं असेल तर थांबा," काकू म्हणाल्या. "आम्ही थांबलोय."